उजव्या खांद्याचा देव

त्या बुधवारी रतनबाईंनी घेवडा निवडला, शेजारी तांब्याभर ताक धाडलं आणि लेकीला दम भरला, "माधवी, त्या काळजाच्या गोळ्यांचं पुन्यांदा नाव काढू नगंस. देवानंच सोडायला सांगितल्यात."

"देवानं, का माळावरच्या महाराजांनी?"

"तुझं गणित साळंत शिकव जा. हितं न्हाई चालायचं."

दोघीही हसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे रतनबाईंचं हृदय थांबलं.

दिवसकार्याला परंदवडीत जो तो एकच बोलत होता, "मनात किंतु आला असंल. न्हाईतर उजवा कौल वाया जात न्हाई." माधवी भिंतीला टेकून ऐकत राहिली. 'देवाज्ञा झाली' एवढंच लोकांना सांगायचं, असं घरच्यांनी ठरवलं होतं.

मग एके दिवशी कळलं, शेजारची झुंबरबाई महाराजांकडे निघाली आहे. साखरेची सुई, म्हणजे इन्सुलिन, सोडायची का, ते विचारायला. माधवी तशीच तिच्या मागोमाग गेली.

माळावरच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध शेंदूर फासलेली शिळा. तिच्या दोन्ही खांद्यांवर महाराज ओली फुलं चिकटवत. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. प्रश्नही महाराजच जुळवून देत.

"डॉक्टरचं मशीन लाईट गेली की बंद! आमचा देव लाईटबिल भरत न्हाई!" महाराज गरजले. मंडप हसला. "हं मावशी, म्हणा, सुई सोडून महाराजांचा काढा घेऊ का?"

झुंबरबाईनं हात जोडून विचारलं. उजवं फूल घसरलं.

"उजवा! उजवा!"

"मावशी, आता उलटं विचारा," माधवी म्हणाली. "काढा सोडून सुई घेऊ का?"

"देवाची परीक्षा घेती व्हय गं?"

"देव तुमचा, महाराज. तुम्ही कशाला घाबरता?"

"इचारू द्या की!" मागून कुणीतरी ओरडलं.

फुलं पुन्हा लागली. झुंबरबाईनं उलटं विचारलं. पुन्हा उजवंच पडलं.

"आरं तिच्या! सोडाबी म्हंतो अन् घ्याबी म्हंतो!" एक म्हातारा पुटपुटला.

माधवीनं पिशवीतून वर्गातला कोनमापक काढून शिळेला लावला. "डावा खांदा जवळजवळ सपाट आहे. उजव्याचा उतार पंचेचाळीस अंशांचा. उतारावरचं फूल आधी घसरणारच. दोन्ही खांदे सारखे असते, तर उजवं पडायची शक्यता निम्मी. ओळीनं दहा वेळा उजवं पडणं म्हणजे हजारात एखादी वेळ. इथं डावं पडलेलं कुणी पाहिलंय?"

म्हाताऱ्यानं वाकून शिळेखालचं लाल कापड उचललं. डाव्या बाजूला बुडात लाकडाची जाडजूड पाचर ठोकलेली होती.

"जमीनच वाकडी हाये, माय..." महाराज चाचरले.

"मावशी, सुई सोडू नका," माधवी म्हणाली. "आणि कुणीही कौल दिला, तरी एकदा उलटा प्रश्न विचारून बघत जा. खरा असेल तर त्याला राग यायचं कारण नाही."

झुंबरबाईनं विचारलं, "मंग तुझ्या आईच्या मनात किंतु...?"

"नव्हता, मावशी. तिळभरसुद्धा नव्हता. तिनं पुरा विश्वास ठेवला." मग माधवी सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी आई गोळ्या सोडल्यामुळं मेली."