दहा मिनिटं

बाबांच्या नाकातून पोटात गेलेल्या नळीची पिशवी सृष्टीने उजेडाकडे धरली. सकाळपासून हिरवट येणारं पाणी आता लालसर झालं होतं. ती धावतच सिस्टरकडे गेली.

डॉक्टर आले. पिशवी पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काल ऑपरेशनमध्ये पीळ सोडवला तेव्हा काळंनिळं आतडं पुन्हा गुलाबी झालं, म्हणून कापलं नाही. पण अडलेलं रक्त परत येतं ना, तेव्हाही आतड्याला इजा होऊ शकते. हे रक्त असेल तर पोट परत उघडावं लागेल. तोंडाने काही दिलंय का?"

"न्हाई साहेब," केवळाआत्या म्हणाली. "घोटभर पाणी बी न्हाई."

सृष्टीनेही ठासून मान हलवली. दहावीतल्या या पोरीने कालपासून कुणाला पलंगाजवळ फिरकू दिलं नव्हतं. आज चहा घेऊन आलेल्या काकांना तर दारातूनच पिटाळलं होतं. "लई मोठी डाक्टरीण झालीस गं," आत्या हसली होती, आणि सृष्टीला ते चक्क आवडलं होतं. फक्त मघाशी बाबाच म्हणाले होते, "जा, तोंड धुऊन ये. आत्या हाय की." तेवढीच दहा मिनिटं.

सिस्टरने संमतीचा कागद आणला. आत्याने पेन घेतलं. तिच्या बोटांची टोकं तांबडी होती.

आत्या आज सकाळीच माहूरहून आली होती. देवीचा प्रसाद म्हणजे तांबूल, कुटलेलं विड्याचं पान.

"बाबा, जीभ दाखवा."

बाबांनी ओठ घट्ट मिटले.

"बाबा, पोट फाडून राहिलेत तुमचं! दाखवा."

जीभ लालभडक होती.

"सर, हे रक्त न्हाई. तांबूल हाय."

डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं, पिशवी पुन्हा निरखली, आणि कागद बाजूला ठेवला.

"सध्या थांबू. तासातासाला बघू. पण दिला कुणी?"

सृष्टीने आत्याकडे पाहिलं. आत्याची बोटं पदरात गेली होती.

"मी कशाला देऊ? सारखी हीच बसून व्हती जवळ. लेकरूच हाय, देवीचा म्हणून दिला असंल."

"खरं का, बालाजीराव?"

बाबांनी बहिणीकडे पाहिलं. मग सृष्टीकडे. मग छताकडे.

"हाव," ते म्हणाले. "हिनंच."



"सिस्टर, हिला आता आत सोडू नका," डॉक्टर म्हणाले. "आत्याबाईंना बसू द्या."

आत्याने खुर्ची पलंगाजवळ ओढली. सृष्टीने चपला घातल्या. दाराशी ती सिस्टरजवळ थांबली.

"पाणी मागतील," ती हळूच म्हणाली. "देऊ नका."