पित्ताचे खडे

दीपमालाने तुळशीच्या कुंडीतून वेचलेले चार खडे पदराला पुसले आणि सासूच्या तळहातावर ठेवले. साळूबाईंनी एकेक खडा उजेडाला धरून निरखला आणि त्यातला एक खिडकीबाहेर भिरकावला.

"एवढा खडा मावंल का गं? पित्ताची पिशवी हाय का सिमेटाचं पोतं?"

"मग तीनच ठेवू, आत्याबाई?"

"ठेव. आन् झाकणाच्या बाटलीत घाल. दवाखान्यातनं दिल्यागत दिसाय पायजे."

साळूबाईंचं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं, असं गावभर सांगून झालं होतं. भेटायला आलेल्यांनी शहाळी आणली, बिस्किटांचे पुडे आणले, आणि उठताना प्रत्येकाने हळूच विचारलं, खडे दिले का हो डॉक्टरांनी? या भागात खडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ऑपरेशन झालं असं कुणी धरत नाही. दोन महिने 'दवाखान्यातच राहिले' म्हणून निभावलं. पण आज औंधाहून दीपमालाची आई येणार होती, आणि अनसूयाबाई एवढ्यावर भागणाऱ्यांतल्या नव्हत्या.

खरं काय ते घरातल्या चौघांनाच ठाऊक होतं. सांगलीच्या दवाखान्यात कॅन्सरच्या गाठीपायी साळूबाईंचा डावा स्तन काढला होता, आणि त्याच ऑपरेशनात छातीच्या स्नायूखाली एक रिकामी पिशवी बसवली होती. डॉक्टरीणबाई तिला एक्सपांडर म्हणत, साळूबाई फुगा म्हणत. दर पंधरा दिवसांनी सुई टोचून त्यात सलाईनचं पाणी भरायचं. कातडी ताणून पुरेशी जागा झाली, की फुगा काढून तिथे कायमचा नकली स्तन बसवायचा. हे समजावताना डॉक्टरीणबाईंनी मुलाकडे, जयराजकडे बघून विचारलं होतं, "आता या वयात हवंय का त्यांना?" उत्तर साळूबाईंनी दिलं होतं.

"का? साठीच्या बाईला आरशाची बंदी हाय?"

बोलून बसल्या खऱ्या, पण कालच पाणी भरलं होतं, आणि आज छाती हलगीवर कातडं ताणावं तशी आवळली होती. आतून ठणका, आणि वरून बोट लावलं तर काहीच कळत नव्हतं, जणू दुसऱ्याच कुणाची कातडी. पण हे सांगायचं कुणाला? साळूबाई तक्क्याला टेकून, पदर नीट करून, ताठ बसल्या.

अनसूयाबाई आल्या त्या यमाईचा अंगारा घेऊनच. तो विहिणीच्या कपाळाला लावून त्या पलंगाच्या कडेला टेकल्या.

"लवकर आलासा," साळूबाई म्हणाल्या. "दोनच म्हयनं झालं."

"तुमीच सांगितलं की, येऊ नका, लय बरं वाटतंय. बरं वाटणाऱ्या माणसाचं तोंड असं वाळल्या पडवळागत नसतंय."

दीपमालाने कुणी विचारण्याआधीच बाटली पुढे केली. अनसूयाबाईंनी ती उलटी केली, कानापाशी नेऊन हलवली आणि खाली ठेवली.

"दीपा, च्या टाक. आलं ठेचून घाल, चांगला उकळू दे."

लेक आत गेल्यावर त्या म्हणाल्या, "विहीणबाई, पित्ताच्या खड्याला माती नसती."

"तुमी कवा बघितलंय?"

"आमच्या ह्यांचं सात निघाल्यात. टीव्हीपाशी ठेवल्यात." अनसूयाबाईंनी आवाज खाली आणला. "आन् पित्ताचं माणूस डावा हात असा अंगाला धरून बसत न्हाई. मी धरला व्हता. सहा म्हयनं."

साळूबाईंनी अंगाशी धरलेला डावा हात हळूच मांडीवर घेतला.

अनसूयाबाईंनी एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं, पाठ फिरवली, पदराआड चोळीत हात घातला आणि जुन्या लुगड्याच्या कापडाची, हातशिलाईची, तळहाताएवढी पिशवी काढून चादरीवर ठेवली. साळूबाईंनी ती उचलली. दिसते त्याहून जड. आत दाणे सरकले.

"मोहरी?"

"आधी कापूस घालत व्हते. कापूस वर चढतोय. बाजारातनं फिरून येस्तवर एक बाजू गळ्यापाशी. मोहरीला वजन हाय, जाग्यावर ऱ्हाती. अकरा वरसं झाली."

"पावसात भिजली तर मोड येतील की वो."

"दर दिवाळीला बदलते."

"आन् जुनी?"

"फोडणीला."

साळूबाईंना हसू फुटलं. हसताना फुगा असा ओढला की डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेना. अनसूयाबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या. लग्नात मानपानावरून वाजल्यापासून दहा वर्षांत या दोघी एका गोष्टीला एकदम हसल्याचं कुणी बघितलं नव्हतं.

"दीपमालाला कवा सांगितलं?" साळूबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"न्हाई सांगितलं. ह्यांना आन् पुण्याच्या भावाला ठाऊक, बास. तवा दीपाचं जमायचं व्हतं. कळलं असतं तर पयल्यांदा तुमीच नको म्हणाला असता."

साळूबाईंनी पिशवीवरून बोटं फिरवली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हणाले असते."

मग पिशवीवर फिरणारा त्यांचा हात थांबला. टाके काढताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आईला झालं असेल तर लेकीला धोका जास्त, तिला तपासून घ्या. साळूबाईंनी आपल्या लेकीला, शिवांजलीला साताऱ्याहून बोलावलं. रजा नाही म्हणाली तर फोनवर शिव्या घातल्या. मशीनवर लेकीची तपासणी झाली, काही निघालं नाही, तेव्हा कुठे त्यांना घास गेला. त्या दिवशी तपासणीच्या दाराबाहेर, बाकावर, नणंदेची पर्स मांडीवर घेऊन दीपमाला बसली होती.

"विहीणबाई, तिला सांगा. आज."

"काय बोलताय? माझं झालं गेलं."

"तुमचं झालं. पर ते आईकडनं लेकीला जातंय. तिला तपासाय पायजे, आन् डाक्टरला खरं सांगून."

"मग न्या की तुमी. माझं नाव कशाला? तुमी बी गावाला कुंडीतलं खडं दाखवताय."

"गाव माझ्या पोटचं न्हाई."

अनसूयाबाई नखाने चादरीचा दोरा ओढत म्हणाल्या, "आन् उद्या तुमीच तिला बोललासा तर? फसवून गळ्यात मारली म्हणून? तुमची जीभ मला ठाऊक हाय."

"दहा वरसं बोलतेच हाय. भाकरी जाड, भाजी पातळ, झोपून उठती उशिरा. उद्या बी बोलंन. पर ह्यावरनं एक शब्द निघाला तर ही जीभ झडू दे."

आत कप वाजले. अनसूयाबाईंनी घाईने हात पुढे केला.

"द्या इकडं."

साळूबाईंनी मूठ मिटली.

"द्या वो, ती आली!"

साळूबाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि वर हात ठेवला.

दीपमाला चहाचा ट्रे घेऊन दारात थबकली. आईने पदर एका बाजूला घट्ट आवळून धरला होता. तिने आईकडे बघितलं, मग सासूकडे.

"काय झालं?"

"दार लाव," साळूबाई म्हणाल्या. "च्या ठेव, आन् आईपाशी बस."

दीपमालाने दार लावलं. ट्रे खाली ठेवून ती बसली. साळूबाईंनी जेवढी वळेल तेवढी मान खिडकीकडे वळवली. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"दीपा," अनसूयाबाई म्हणाल्या, "तुझ्या लग्नाच्या आदल्या वरसाला मी पुण्याला मामाकडं ऱ्हायले व्हते बघ. दीड म्हयना."

"मोतीबिंदूला," दीपमाला म्हणाली.

अनसूयाबाईंनी लेकीचा हात आपल्या हातात घेतला.

"न्हाई गं."