लाल नाण्यातली बायको

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मेलेल्यांचा निरोप नाण्यांतून सांगणाऱ्या नाणेबुवांनी सलूनवाल्याच्या वारलेल्या बायकोची पर्स उलटी केली. पर्स रात्रभर बुवांकडेच होती. समोर काचेच्या भांड्यात त्यांचं पवित्र पाणी होतं. पिवळी नाणी खळखळली आणि त्यांत एक निघालं तांबडंलाल.

"टांकसाळीत चुकून असं पडलं असेल का?" सलूनवाल्याने चाचरत विचारलं.

"टांकसाळ चुकते, मेलेलं माणूस चुकत नाही!" बुवा कडाडले. "रागावलीय ती. तू डॉक्टर उशिरा आणलास. आता ती मुलीला मागतेय. पोरीला माझ्या मठात आणून सोड, तरच ती वाचेल."

त्या दिवसापासून सलूनला कुलूप लागलं. सलूनवाला नाणं उशाशी घेऊन जमिनीवर निजायचा. बाजूच्या खोलीतून बायकोचा खोकला ऐकू यायचा. तो उठून दार उघडायचा. आत नुसता अंधार. मग तो अंधाराचीच माफी मागायचा.

मुलीला मठात सोडायचं ठरलं, तेव्हा बायकोची थोरली बहीण धावत आली. ती जनावरांची डॉक्टर होती. तिने नाणं भिंगाखाली धरलं.

"भाऊजी, चुकून तांब्याच्या चकतीवर छाप पडली असती, तर अक्षरं ठसठशीत उठली असती. ही बघा, खाल्ल्यासारखी झालीत. आणि हे वापरून पडलेले ओरखडे. त्यांच्या आतही लाल रंग उतरलाय. म्हणजे रंग नंतर चढला. टांकसाळीची चूक नाही आणि भूतही नाही. नाणं कुणीतरी नासवलंय. खरवडून बघू?"

त्याने नाणं हिसकावून घेतलं. "नको ताई! तिला लागेल."

ताईने त्या रात्री आपल्या पाकिटातलं एक पिवळं नाणं संडास धुवायच्या आम्लात टाकलं. सकाळी ते तसंच लाल झालं होतं. "पिवळ्या नाण्यात तांबं आणि जस्त असतं. आम्ल जस्त खातं, वर तांबं उरतं. हे मला काल बसवाल्याने सुट्टे म्हणून दिलं. यात कुणाची बायको आहे, सांगा."

त्याने दोन्ही नाणी शेजारी ठेवून पाहिली. मग त्याने स्वतःच वस्तरा उचलला आणि उशाशी ठेवलेल्या नाण्यावरून हलकेच फिरवला. लालीखाली पिवळं चमकलं.

"रागावलेली का होईना, ती होती, ताई," तो हुंदका देत म्हणाला.

"ती रागावली नव्हती. आजारी होती."

दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात ताईने बुवांसमोरचं काचेचं भांडं उचललं. "पवित्र पाणी ना बुवा? एक घोट घ्या बघू."

बुवा दोन पावलं मागे सरले. "हे... हे जिवंतांसाठी नाही!"

"खरं बोललात. आम्ल कुठल्याच जिवंत माणसासाठी नसतं."

कुणीतरी फिसकन हसलं. मग आरडाओरडा झाला आणि त्या गोंधळात बुवा मागच्या दाराने सटकले. सलूनवाल्याने वस्तरा फिरवलेलं नाणं सगळ्यांना दाखवलं. "तुमचीही घासून बघा. कुणी भीती घातली, तर आधी विचारा, हे झालं कसं? विचारलं म्हणून मेलेली माणसं रुसत नाहीत."

गर्दी पांगली. एक म्हातारी मात्र मेलेल्या लेकाच्या खिशातलं लाल नाणं मुठीत आवळून बसून राहिली.

"मग माझा लेक कुठे आहे रे?"

सलूनवाला तिच्याशेजारी बसला.

"ठाऊक नाही, आई. पण या भांड्यात नाही."