मालकाचं उत्तर

सटवाजीने सागाच्या खोडाभोवती छातीएवढ्या उंचीवर फीत गुंडाळली, डोळे बारीक केले आणि आकडा वाचला. बबिताने तो मोबाइलमध्ये भरला, खोडावर खडूने नंबर टाकला आणि ती पुढच्या झाडाकडे वळली. सकाळपासून दोघांनी एकशे दहा झाडं मोजली होती.

बबिता वानिकी शिकलेली. झाडं राखणाऱ्या शेतकऱ्यांना कार्बनचं उत्पन्न मिळवून देणाऱ्या एका कंपनीसाठी ती पूर्णा तालुक्यातली गावं पालथी घालत होती. चुडाव्याजवळच्या या अडीच एकरांत साग, लिंब आणि बाभळी मिळून चारशेच्या वर झाडं होती. मागच्या खेपेला तिने सगळं समजावून सांगितलं होतं. झाड हवेतला कार्बन खोडात साठवतं, आणि तो तिथेच राहावा म्हणून लांबच्या कंपन्या पैसे देतात. तीस वर्षं सरसकट तोड करायची नाही. मात्र दाटी झालेल्या जागची वाकडी, दबलेली झाडं काढायची, म्हणजे उरलेली जाड होतात. हे शेवटचं सटवाजीच्या गळी उतरलं नव्हतं. सव्वीस वर्षांत त्याने एकाही झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाड पडू दिली नव्हती.

तो पेडगावचा. चांगुणाबाई एकुलती एक लेक, म्हणून लग्नानंतर तो सासऱ्याच्या घरी राहायला आला. ओढ्याकाठचं हे मुरमाड रान तेव्हा नुसतं पडीक होतं. सटवाजीने रोपवाटिकेतून सागाच्या जड्या, म्हणजे लावायचे मुळासकटचे खुंट, बैलगाडीत घालून आणल्या. पहिले तीन उन्हाळे नवराबायकोने घागरीने पाणी घालून त्या जगवल्या. पुढे गावात या जागेला सटवाजीचं रान म्हणू लागले. सातबारा चांगुणाबाईच्या नावावर होता, पण त्याचा विषय कधी निघाला नाही.

दुपारी चांगुणाबाई भाकरी घेऊन आली. लिंबाच्या सावलीत जेवणं झाल्यावर बबिताने राहिलेला अर्ज भरायला घेतला. कुंपण आहे का, जनावरं चरतात का, आग कधी लागली होती का, असं एकेक विचारत ती एका प्रश्नाशी आली आणि तो तिने सावकाश वाचला.

"कंपनीचे पैसे मिळाले नसते, तर ही झाडं तोडली असती का?"

"न्हाई," सटवाजी म्हणाला.

बबिताचं बोट मोबाइलवर थांबलं. काका, नीट विचार करून सांगा, असं म्हणून तिने प्रश्नामागचं कारण सांगितलं. जी झाडं एरवीही उभीच राहणार, ती राखण्याचे पैसे कोणी देत नाही. पैसे मिळतात ते वाचलेल्या झाडांचे. शेजारच्या बन्सीधरचा बांधावरचा साग यात बसला, कारण गिऱ्हाइकाशी त्याचा सौदा ठरला होता आणि सौद्याचा कागद त्याच्यापाशी होता. खोटं बोला असं ती म्हणत नव्हती. पण उत्तर 'नाही' असेल तर अर्ज इथेच संपतो, एवढं तिला सांगणं भाग होतं.

सटवाजी बराच वेळ हातातली फीत गुंडाळत राहिला.

"तोडनारच न्हवतो, तर तोडली असती असं कसं म्हनू?"

बबिताने मान हलवली. मोबाइल पिशवीत ठेवण्यासाठी तिने पिशवी पुढे ओढली, तेव्हा चांगुणाबाईने विचारलं,

"बाई, सातबारा कुनाच्या नावावर हाय?"

"तुमच्या, मावशी."

"मंग मला इचारा की."

बबिताने सटवाजीकडे पाहिलं. तिने प्रश्न पुन्हा वाचला, पहिल्यापेक्षा हळू आवाजात.

"तोडली असती," चांगुणाबाई म्हणाली.

तिने कमरेची पिशवी सोडली आणि चार घड्या घातलेला एक कागद बबिताच्या हातात दिला. देवगाव फाट्यावरच्या एका लाकूड व्यापाऱ्याने लिहून दिलेला सौदा होता तो. सगळी झाडं, सरसकट. खाली तारीख होती, दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनातली, आणि चांगुणाबाईची सही. हे चालेल, असं म्हणून बबिताने कागदाचा फोटो काढला. मग परत कोणाला द्यावा हे न कळून तिने तो दोघांच्या मधे, भाकरीच्या फडक्यावर ठेवला.

सटवाजीने तो उचलला. सही त्यानेच तिला शिकवलेली होती. 'चां'वरचं टिंब ती अजून शेवटी देई. तारीख त्याने दोनदा वाचली. त्या महिन्यात तो परभणीला दवाखान्यात होता. छातीत पाणी झालं होतं, आणि एकोणीस दिवस त्याला कोण येतं, कोण जातं याची शुद्ध नव्हती. घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा रानाची चौकशी केली होती. हाय तसं हाय, असं ती म्हणाली होती.

"मंग कामून न्हाई तोडली?"

चांगुणाबाई फडकं झटकत होती.

"तुमी आले की घरी," ती म्हणाली.

बबिता उठून पाण्याची बाटली भरायला ओढ्यापलीकडच्या हापशावर गेली. ती परत आली तेव्हा चांगुणाबाईने जेवणाची भांडी पाटीत भरली होती. कागद सटवाजीच्या खिशात होता, का चांगुणाबाईच्या पिशवीत, ते तिला दिसलं नाही. दुपारचं काम विरळणीचं होतं. कुठलं झाड राखायचं आणि कुठलं काढायचं हे मालकाला विचारून ठरवायचं आणि काढायच्या झाडावर खडूने फुली मारायची, असा नियम होता. ओढ्याकडच्या कोपऱ्यात दोन साग एकमेकांना खेटून वाढले होते. त्यातला एक कमरेपासून किंचित वाकला होता, पण शेंडा भरलेला होता. बबिताने तोंड उघडायच्या आत सटवाजी थांबला आणि मागे वळला.

"चांगुणा, इकडं ये जरा."

ती डोक्यावरची पाटी सांभाळत आली.

"ह्ये ठिवायचं का काढायचं?"

चांगुणाबाईने पाटी खाली ठेवली. झाडाला एक फेरी मारली, वर शेंड्यापर्यंत पाहिलं, खोडावर हात ठेवला.

"काढा," ती म्हणाली.

सटवाजीच्या मनात ते ठेवायचं होतं. त्याने बबितापुढे हात केला आणि खडू मागून घेतला.