घड्याळाला लावलेलं ठिगळ

माझ्या थोरल्या मुलाला एक वाईट खोड आहे. कुणाच्या घरात शिरला की आधी साफसफाई काढतो. स्वतःच्या घरात बायको इकडची काडी तिकडे करू देत नाही, म्हणून सगळी हौस आईकडे. माझी धाकटी लेक गेली त्या आठवड्यात त्यानं तिची गादी उचलून टाकली, औषधांच्या बाटल्या टाकल्या, उशाशी असायचा तो टवका उडालेला पेलासुद्धा टाकला. "डोळ्यांसमोर नको," म्हणाला. कुणाच्या डोळ्यांसमोर, ते मात्र बोलला नाही. भावाचं दुःख हातातून निघतंय, निघू दे, म्हटलं. पण परवा त्यानं कॉम्प्युटरला हात घातला.

या बाईचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध, असं वाटेल. खरंच आहे. मी शाळेत गेले ती पाटी फुटेपर्यंत, दुसरी पाटी कुणी आणून दिली नाही. जन्म शिलाई मशीनवर गेला. अर्ध्या गल्लीच्या पँटी मी आखूड केल्या आणि उरलेल्या अर्ध्यांच्या कमरेला सैल केल्या. कुणाचं पोट सुटलं हे त्याच्या बायकोआधी मला कळायचं. मग कात्रीनं अंगठे खाल्ले, सांधे धरले, आणि मशीनवर चादर पडली.

धाकटी कॉम्प्युटरवाली. कुठल्याशा कचेरीत अडलेले प्रोग्राम सोडवायची. आजारी पडली तशी माझ्याकडे आली. पुढच्या खोलीत तिची कॉट लावली, शेजारी तिचा कॉम्प्युटर. मी दिवसभर तिच्या तोंडाकडे बघत बसायचे, त्याचा तिला वैताग.

"आई, माझ्याकडे काय बघतेस सारखी? मी काय टीव्ही आहे?" म्हणाली, आणि मला एका खेळापुढे बसवलं.

खेळ साधा. वरून रंगीत गोट्या घरंगळत येतात, खाली त्या त्या रंगाच्या वाट्या. बटण दाबून वाटी गोटीखाली न्यायची. कोपऱ्यात घड्याळ. ते संपलं की पडदा काळा. रंग मला कोण शिकवणार? दोऱ्याच्या रिळांत जन्म गेला. पण डोळा सांगायचा आणि अंगठा ऐकायचा नाही. वाटी निम्म्यात पोचेपर्यंत पडदा काळा. मी घड्याळाच्या सात पिढ्या उद्धारायचे आणि धाकटी कॉटवर खोकत खोकत हसायची.

एका दुपारी म्हणाली, "थांब, त्या घड्याळाचा बंदोबस्तच करते."

तिनं मला समजावलं ते असं. खेळ दुसऱ्या कुणाचा, कंपनीचा. आपल्याला मिळते ती एकच मोठी फाईल, अस्तर लावून बंद केलेल्या कोटासारखी. आत काय आहे ते कंपनी दाखवत नाही. पण शिवण कुठे आहे ते हाताला लागलं, तर तेवढेच टाके उसवून आत ठिगळ लावता येतं. ती शिवण शोधायला तिला कितीतरी दुपारी लागल्या. पाठीला उशा लावून बसायची, दमली की आडवी व्हायची, पुन्हा बसायची. सापडली तेव्हा अशी ओरडली की मी हातातलं भांडं टाकून धावले.

मग तिनं एक छोटं अवजार केलं. करडी चौकट, तिच्यात दोन बटणं. एकावर लिहिलं 'ठिगळ', दुसऱ्यावर 'उसव'. पहिलं दाबलं आणि खेळ सुरू केला, तर घड्याळ उभं! मी वाटी हलवली की ते हलणार, मी थांबले की थांबणार.

"एवढं अवजार कशाला केलंस?" मी म्हटलं. "हातानंच लावायचं होतंस की."

"कधी खेळ कॉम्प्युटरवर पुन्हा घालायला लागला तर? मी नसले तर तुला एक बटण दाबता येईल ना?"

"नसशील म्हणजे? कुठं चाललीस?"

"बाजारात," म्हणाली.

मी खिडकीचा पडदा सारखा करायला उठले. तो सारखाच होता.

तिनं आणखी एक सांगितलं. हे अवजार आधी माप घेतं. फाईल तीच आहे ना, हे टाकानटाका बघतं. माप जुळलं नाही तर टाका घालत नाही. भलत्या फाईलवर ठिगळ लावलं तर अख्खा कोट फाटतो. मला पटलं. माप न घेता कात्री चालवणारा शिंपी नव्हे, कसाई. ते अवजार तिनं पेनड्राइव्हवर घालून दिलं, मी ते बॉबिनच्या डब्यात ठेवलं.

ती गेल्यावर मी रोज बसायचे. गोटी वर, वाटी खाली, घड्याळ माझ्या अंगठ्याची वाट बघत उभं. घरात माझी वाट बघणारं तेवढंच उरलं होतं.

परवा मी भाजी आणायला गेले आणि थोरला घरात एकटा. परत आले तर स्वारी खूश.

"आई, किती कचरा साठला होता गं कॉम्प्युटरमध्ये! सगळा काढला. आणि तुझा खेळ बिघडला होता, घड्याळच अडकलेलं. फाईल बदललेली आहे म्हणून लाल इशारा येत होता. 'दुरुस्त करा' दाबलं, कंपनीकडून नवीकोरी आली. बस बघू, खेळ."

मी पिशवी खाली ठेवली आणि बसले. हिरवी गोटी आली. वाटी निम्म्यात होती आणि पडदा काळा झाला.

"बघ, कसं पळतंय आता!" तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं. सगळं.

"मला काय माहीत? मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगायला तू खोलीत यायला हवं होतंस. तू दारातून फळं द्यायचास आणि चप्पल घालायचास."

मी बॉबिनचा डबा काढला. पेनड्राइव्ह तो आधी उलटाच लावत होता. करडी चौकट उघडली. त्यानं 'ठिगळ' दाबलं. अवजार थोडा वेळ माप घेत बसलं. मग अक्षरं आली. बारीक होती, मला दिसेनात. "वाच," म्हटलं.

त्यानं वाचलं. "ही ती फाईल नाही. माप जुळत नाही. आई, घाबरू नकोस, तुझ्या हातून काही बिघडलेलं नाही. 'उसव' दाब, म्हणजे जुनी फाईल परत येईल, मी ती जपून ठेवली आहे. तरी नाही जमलं तर..."

"तर काय? पुढे वाच."

"तर दादाला बोलाव. त्याला सगळं नीट करता येतं."

त्यानं 'उसव' दाबलं.

"काय म्हणतंय?"

"जुनी फाईल सापडत नाही म्हणतंय." तो म्हणाला. "मीच काढली, आई. नावच 'जुनी' होतं. म्हटलं, जुनी आहे तर कशाला ठेवायची. कचरापेटीसुद्धा रिकामी केली."

त्यानं दुपारभर शोधाशोध केली. कंपनीनं मध्यंतरी खेळ बदलला होता, आता नवीच फाईल देते, जुनी कुणाकडे मिळेना. शेवटी म्हणाला, "ऑफिसातल्या एकाला सांगतो. ते माप बघणं काढून टाकू, जबरदस्तीनं लावू."

"तिनं नाही म्हटलंय. कोट फाटतो."

तेव्हा तो खाली बसला, जिथं तिची कॉट होती तिथं, भिंतीला डोकं लावून. आणि रडला. ती गेल्यापासून पहिल्यांदा. मी आई आहे, माझा हात त्याच्या डोक्याकडे गेला होता. मी तो मागे घेतला, कारण आधी बोलायचं होतं.

"ऐक," म्हटलं. "तू वाईट नाहीस. वाईट असतास तर तुला चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. तू भित्रा आहेस. बहीण अंथरुणात होती तेव्हा दारात उभा राहिलास, आणि अंथरूण रिकामं झाल्यावर आत आलास, हातात झाडू घेऊन. तिनं माझ्यासाठी घड्याळ धरून ठेवलं होतं, तू ते सोडलंस. आता कुणाच्यानं धरवणार नाही. उद्यापासून ये. रोज ये. माझ्याजवळ बस. पण हात रिकामे घेऊन ये. माझ्या घरात यापुढं तू काही नीट करायचं नाही."