दोन्ही पट्ट्या आत

आत्याच्या घशाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. नंतर आवाज राहील का, यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "बघू." आत्याने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. नापास होणाऱ्या मुलाच्या आईला तीही "बघू" असंच सांगायची, त्यामुळे तिला अर्थ विचारावा लागला नाही.

तिने ठरवलं, आपले धडे आपल्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचे. एक कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, दुसरा टेबलावरच्या प्रयोगावर. रेकॉर्डिंग सांभाळायला मी. दोन्हींचं चित्रण एकाच वेळी साठवणारा कॉम्प्युटर टेबलाखाली. केबल तोकड्या, म्हणून त्याला खोलीबाहेर काढता येत नव्हतं. काम एवढं, की धडा रंगात येईपर्यंत तो तव्यासारखा तापायचा. तापला की त्याचे पंखे असे घोंघावायला लागायचे, की आत्याचा बसका आवाज त्यांच्याखाली बुडून जायचा.

डॉक्टरांनी तिला फक्त धड्यांपुरतं बोलायची परवानगी दिली होती. एरवी पाटी आणि खडू. मीही गप्प राहायचं, असा तिचा नियम. कारण मी काही बोलले की तिच्या तोंडून उत्तर निघायचंच. आतोबांना तर व्हरांड्यातच बसवलं होतं. त्यांच्या प्रत्येक वाक्याला खोडून काढणं ही तिची लग्नापासूनची सवय.

पंखे दोन होते, एक कॉम्प्युटरच्या डब्याच्या पुढे, एक मागे. पहिल्या दिवशी धडा थांबवून मी दोन्ही जाळ्यांसमोर टिश्यू पेपरची एकेक पट्टी धरली. दोन्ही पट्ट्या जाळीला जाऊन चिकटल्या. म्हणजे दोन्ही पंखे हवा आत ओढत होते, आणि आतली गरम हवा कुठून जावी याचा बसवणाऱ्याने विचारच केला नव्हता. आत्या शेजारी उभी राहून बघत होती. तिने मान हलवली. मीही हलवली. एवढ्या साध्या गोष्टीला पाटी कशाला लागते?

संध्याकाळी ती गुळण्या करायला गेली, तेव्हा मी कॉम्प्युटर बंद करून मागचा पंखा काढला आणि उलटा बसवला. आता पुढून गार हवा आत, मागून गरम हवा बाहेर. चालू करून बघावं असंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी घोंघावणं जास्तच. मी पट्ट्या धरल्या. दोन्ही पट्ट्या बाहेरच्या बाजूला फडफडल्या.

मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, धडा वाया गेला म्हणून. काल मी नीट पाहिलं नव्हतं का? पुढचा पंखा आधीपासूनच हवा बाहेर फेकत होता का? पण पट्टी चिकटलेली मला स्पष्ट आठवत होती. माझ्या प्रयोगशाळेत कुणी असं काही सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, तुझं निरीक्षण चुकलं. म्हणून मी स्वतःलाच तसं सांगितलं आणि संध्याकाळी मागचा पंखा पुन्हा पहिल्यासारखा केला. पुढचा बाहेर फेकतोय, तर मागच्याने आत घ्यावं. हिशेब सरळ होता.

तिसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्या आत.

मी टेबलाखालीच बसून राहिले. हवा, पंखा, मी, या तिघांपैकी कुणाचं तरी काहीतरी बिघडलं होतं, आणि पहिल्या दोघांवर संशय घ्यायला जागा नव्हती. ध्वनीचा धडा तेवढा उरला होता आणि आत्याचा आवाज रोज थोडा खाली जात होता.

"अगं," आत्या म्हणाली.

मी दचकले आणि माझं डोकं टेबलाला आपटलं. "बोलू नकोस! पाटी घे."

"पाटीवर मावणारं नाही हे. खरं सांग, माझं डोकं फिरत चाललंय का?"

"तुझं कशाला? माझं चाललंय."

"मी पुढचा पंखा फिरवते, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा तेच. घशाचं कळलं मला. पण आता डोकंही…"

"थांब. तू फिरवतेस? कधी?"

"सकाळी, तू यायच्या आधी."

"आणि मी मागचा फिरवते. संध्याकाळी."

दारातून आतोबांनी डोकं आत घातलं. "मग काय! सकाळी ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टेबलाखाली, संध्याकाळी तू. मला वाटलं, पाळ्या लावून घेतल्यात."

"मग सांगायचं नाही होय?" आत्या कडाडली. निदान कडाडायचा प्रयत्न केला.

"तोंड उघडलं की दोघी अंगावर धावता. हद्दपार माणूस काय सांगणार?"

आत्याला हसू आलं, हसण्याने खोकला आला. मी घाईने पाणी दिलं. खोकला थांबल्यावर तिने स्क्रू-ड्रायव्हरकडे हात केला. त्याच क्षणी मीही केला.

"द्या इकडे," आतोबा म्हणाले. "तुमच्यावर सोपवलं तर उद्या दोन्ही परत बाहेर." ते कुरकुरत खाली बसले आणि कॉम्प्युटर बंद करून त्यांनी फक्त मागचा पंखा फिरवला. कॉम्प्युटर चालू करून मी पट्ट्या धरल्या. पुढची चिकटली. मागची हलकेच बाहेर झुलली.

मग आत्याने ध्वनीचा धडा घेतला. कॉम्प्युटर टेबलाखाली आहे हे विसरायला व्हावं, इतका तो शांत होता. त्या शांततेत पहिल्यांदाच मला ऐकू आलं, की तिचा आवाज किती ठिकाणी फाटलाय. इतके दिवस पंख्यांनी ते झाकून ठेवलं होतं. शेवटी तिने नादकाटा रबरावर आपटून त्याचं टोक पाण्याला लावलं, पाण्याचे शिंतोडे उडाले. "हे जे थरथरतंय," ती म्हणाली, आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. ओठ हलत राहिले. तिने काटा पुन्हा आपटला आणि माइकजवळ धरला. तो मंद होत होत थांबेपर्यंत तिने हात हलवला नाही.

रेकॉर्डिंग बंद करून मी डब्यावर हात ठेवला. जेमतेम कोमट होता. तीन दिवस मला हेच हवं होतं.

"शेवट उद्या परत घेऊ या?"

आत्याने पाटी ओढली. 'पंखा ऐकू येतो?'

मी हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं. नकारार्थी मान हलवली.

तिने बोटाने ते पुसलं आणि लिहिलं, 'मग राहू दे.'