पुडीचं बाळसं

"दम्याचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका, आई," डॉक्टर भोईरबाईंनी दारापर्यंत येऊन सांगितलं होतं. स्वप्नालीने मान डोलावली, आणि पुढच्याच रविवारी कात्रपहून रिक्षा करून ती लेकीला, जिज्ञासाला, बारवी धरणाच्या रस्त्यावर दम्याची पुडी देणाऱ्या एका बाबांकडे घेऊन गेली. बीएस्सी झालेली बाई. पण लेकराची छाती भात्यासारखी वरखाली होताना बघून थकलेल्या आईची पदवी कपाटातच राहते.

रांग मांडवाबाहेर गेलेली. कुणी उल्हासनगरचं, कुणी अंबरनाथचं. कुणाला दमा, कुणाला शिंका. बाबा प्रत्येकाच्या पाठीवर मोरपीस फिरवून पुड्या देत.

"पंप कशाला मारतात?" बाबांनी माइकवर विचारलं.

"सायकलला," रांग सवयीने म्हणाली.

"मग लेकरू काय पंक्चर झालंय? पंपाची सवय लागते. आपली पुडी म्हणजे जंगलची मुळी. फक्त नागा नाय करायचा. एक दिवस चुकला, की देव कोपलाच."

पंप बंद झाला, आणि पुडीने गुण दिला. छातीतली शिट्टी थांबली. जिज्ञासा मागून मागून जेवू लागली, गाल वर आले. शेजारच्या चांगुणामावशी म्हणाल्या, "बघ, शाळेत जायच्या वयात बाळसं धरलं पोरीने. तुझ्या डॉक्टरणीला जमलं का?" सासूबाईंनी दृष्ट काढली. हातपाय मात्र काड्याच राहिले होते. स्वप्नालीला ते दिसत होतं, पण विचारायचं त्राण नव्हतं.

मग बाबा अनुष्ठानाला निघून गेले. मांडव बंद, पुड्या संपल्या; सासूबाईंनी देवापुढे ठेवलेली तेवढी एक उरली. थोड्याच दिवसांत जिज्ञासा शाळेतून आली ती भिंत धरत. उलट्या झाल्या, मग धाप लागली, ओठ निळसर पडले.

"देव कोपला गं," सासूबाई पुटपुटल्या.

"आई, देवापुढे ठेवलेली ती एक पुडी घ्या आणि रिक्षा थांबवा," स्वप्नाली म्हणाली.

दवाखान्यात ऑक्सिजन लागला, सलाईन लागलं. पोरीचा श्वास जरा बसल्यावर भोईरबाईंनी तिच्या गालाला बोट लावलं. "हिला काय देत होतात?"

"झाडपाला," सासूबाई म्हणाल्या. "चांगलं बाळसं धरलं होतं हो."

"हे बाळसं नाही, आजी. औषधाने चेहरा सुजलाय."

त्यांनी पुडी कागदावर ओतली. तपकिरी भुकटीत पांढरे कण होते, आणि अर्धवट कुटलेला एक तुकडा. त्याच्या मधोमध सरळ रेघ.

"मुळीला अशी रेघ असते का? गोळी मोडता यावी म्हणून कारखान्यात पाडतात ती. हे स्टिरॉइड असणार. गरज पडली तर मीही देते, पण सांगून, मोजून. रोज गुपचूप दिलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं सोडतं. मग एकदम बंद झालं की माणूस कोसळतो. तुमच्या बाबांना हे पक्कं माहीत आहे. म्हणून तर नागा नको म्हणतात."

प्रयोगशाळेने तेच सांगितलं. जिज्ञासा वाचली. स्टिरॉइड डॉक्टरांनी हळूहळू कमी केलं, आणि पंप पुन्हा सुरू झाला.

स्वप्नालीला आता कुणाशी वाद घालायचा नाही. तिचं एवढंच मागणं आहे: जे औषध पोटात जातं, त्यात काय आहे हे विचारा. न सांगणाऱ्याच्या हातचं घेऊ नका. आणि तुमच्या ओळखीत कुणी पंप सोडून अशा पुड्यांवर असेल, तर आजच त्यांच्याकडे जा. पुडी परस्पर बंद करायला लावू नका. पुडीसकट त्यांना डॉक्टरकडे न्या. फोन केलात तर "बरं आहे" म्हणतील. तेवढ्यावर राहू नका. जाऊन बघा.